खिडकीताईंच्या सायकलची शिंगं

रंगमंचावर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या नटाला एकच प्रश्न छळतो : या हातांचं करायचं काय? घरून निघताना हेच हात बरे होते. चहाचा कप धरत होते, दाराला कडी घालत होते. प्रकाशात आले आणि खांद्यांना लोंबकळणारे दोन परके पाहुणे होऊन बसले. शिंगमास्तरांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची हीच गत व्हायची, आणि मास्तरांचा सगळा धंदा या एका पंचाइतीवर उभा होता.

दुकान म्हणजे अरुंद, लांबट गाळा. एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला एका गवंड्याचं सामानाचं कोठार. आत पाऊल टाकलं की तेल, रबर आणि जुन्या चिंध्या यांचा मिळून एक वास यायचा. तो मास्तरांच्या कोटालाही यायचा, आणि लग्नसमारंभात त्यांच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी राहायची. डाव्या भिंतीवर पाने उंचीप्रमाणे टांगलेले, शाळेच्या फोटोतल्या मुलांसारखे. उजव्या भिंतीवर हँडलं. छताला हूक आणि हुकांना सायकली, चाकं वर करून निवांत लटकलेल्या.

मास्तर एकच काम करायचे. जुन्या माउंटन बाइकचं सरळ, काठीसारखं हँडल काढायचे आणि तिथे रेसच्या सायकलीला असतं तसं, पुढे जाऊन खाली वळणारं हँडल बसवायचे. त्या शहरात एके काळी माउंटन बाइकची साथच आली होती. घरटी एक सायकल. जाड टायर, भक्कम पोलादी सांगाडा, ढीगभर गिअर. डोंगर तेवढा नव्हता. ही गोष्ट लोकांच्या लक्षात आली ती सायकली घेऊन झाल्यावर. मग त्या बाल्कनीत गेल्या आणि त्यांच्यावर टॉवेल वाळू लागले. मास्तरांचं म्हणणं असं की, सायकलींचा त्यात काडीचाही दोष नव्हता. गुणी होत्या बिचाऱ्या, फक्त भूमिका चुकीची मिळाली होती. हँडल बदललं, की डोंगरासाठी जन्मलेली तीच सायकल लांबच्या सपाट रस्त्याला अशी लागायची, की जणू काही मधली वर्षं ती विंगेत उभी राहून याच एन्ट्रीची वाट बघत होती.

वळलेल्या हँडलांना लोक शिंगं म्हणायचे. म्हणून मास्तर झाले शिंगमास्तर. आधी त्यांना हे नाव आवडलं नाही, मग सवय झाली, मग पाटीवर आलं. पाटी रंगवणाऱ्याला मास्तरांनी "शिंगं काढ" एवढंच सांगितलं होतं. त्याने नुसती शिंगं काढणं बरं दिसणार नाही असा विचार करून अख्खा एडका काढला. एडका जरा दुःखी निघाला. मास्तरांसारखाच दिसतो, असं किल्लीवाला सर्वांना सांगायचा, आणि येणारे लोक पाटीकडे, मग मास्तरांकडे बघून मान डोलवायचे.

आता हँडल कुणीही बदलेल. खरी मेख वेगळीच आहे. माउंटन बाइकचा सांगाडा मुळात लांब. त्याला सरळ हँडल असतं तोवर हात जवळ राहतात. पुढे जाणारं हँडल लावलं, की हात आणखी पुढे जातात, आणि सायकलवर बसलेला माणूस विहिरीत पडलेला चष्मा शोधत असल्यासारखा दिसू लागतो. म्हणून हँडल आणि सायकल यांना जोडणारा जो तुकडा असतो, ज्याला मास्तर 'मान' म्हणायचे, तो आखूड आणि उंच घ्यावा लागतो. किती आखूड, किती उंच, हे माणसागणिक वेगळं. आणि माणसाला विचारून उपयोग नाही. 'हात कुठे बरे वाटतात?' असं विचारल्याबरोबर हात नट होतात.

यावर मास्तरांनी तोड काढली होती. दुकानाच्या मध्यावर त्यांनी एका मोडक्या सायकलचा सांगाडा जमिनीत घट्ट रोवून ठेवला होता. त्याचं हँडल मागेपुढे, वरखाली सरकायचं. त्यावर गिऱ्हाइकाला बसवायचं, हातात खडू घेऊन आपण बाजूला उभं राहायचं, आणि सायकल सोडून दुसरंच काही बोलायचं.

"तुमची मेहुणी काय करते हल्ली?"

"माझी?" हँडल घट्ट धरून, पोट आत ओढून बसलेला बँकेतला कॅशियर एकदम दचकायचा. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"तिच्याबद्दल."

"कुणी नाही. सहज विचारलं."

"सहज कुणी विचारत नाही तिच्याबद्दल. अहो, परवा आमच्याकडे आली, सोफ्यावर बसली, आणि म्हणते कशी..."

पुढचं मास्तर अर्धंच ऐकायचे. त्यांचं लक्ष हातांवर. सोफ्यापाशी पकड सैल व्हायची. मेहुणीच्या पुढच्या वाक्याला कोपर खाली यायचे. आणि सासऱ्यांनीही तिचीच बाजू घेतली, इथवर गोष्ट येईतो हात आपले आपण सरकत सरकत जिथे जायचे तिथे जाऊन बसलेले असायचे. तिथे मास्तर खडूची रेघ ओढायचे. झालं माप. यात एकच तोटा होता : कॅशियर उतरायला तयार नसायचा.

अशी अर्ध्या शहराची गाऱ्हाणी मास्तरांच्या कानांवरून गेली होती. लोक म्हणायचे, मास्तरांसारखा ऐकून घेणारा माणूस नाही.

त्यांचा दुसरा लौकिक पाणसळीचा. गवंडी भिंत सपाट आहे की नाही हे बघायला जी काचेच्या नळीतला बुडबुडा असलेली पट्टी वापरतो, ती पाणसळ. मास्तरांनी ती शेजारच्या गवंड्याकडून एका दिवसासाठी आणली होती आणि मग दिवस मोजायचं दोघांनीही सोडून दिलं. डावा आणि उजवा, दोन्ही ब्रेकचे लिव्हर शिंगांवर अगदी एका पातळीत बसले पाहिजेत, बुडबुडा मधोमध थांबला पाहिजे, त्याशिवाय सायकल दुकानाबाहेर पडायची नाही. गल्लीतून जाणारी सायकल समोरून बघून लोक ओळखायचे, ही मास्तरांच्या हातची. गवंडी अधूनमधून दारात येऊन म्हणायचा, "मास्तर, भिंती वाकड्या व्हायला लागल्या माझ्या."

"उद्या देतो."

"बरं," असं म्हणून गवंडी एका डोळ्याने भिंती बघायला निघून जायचा.

मास्तरांच्या पत्नीला सगळं शहर खिडकीताई म्हणायचं. बस डेपोच्या तिकीट खिडकीमागे त्यांची उमर गेली. जाड काच, काचेला खाली अर्ध्या भाकरीएवढं भोक, आणि त्या भोकातून येणारा ताईंचा उजवा हात. शहरातले कित्येक लोक ताईंना चेहऱ्याने नव्हे, हातानेच ओळखायचे. मग डेपोत तिकिटांचं यंत्र आलं. ताईंचा निरोपसमारंभ झाला. त्यात यंत्रानेच मध्ये दोन वेळा तिकीट छापलं, कुणी मागितलेलं नसताना. ताई ती दोन्ही तिकिटं घेऊन घरी आल्या.

महिनाभर त्या घरात होत्या. कपाटं लावून झाली, पडदे धुऊन झाले, केस कापून झाले. लांबसडक केस होते त्यांचे. एक दिवस मानेपर्यंत कापून आल्या. मास्तर जेवता जेवता वर बघून म्हणाले, "छान दिसतात." ताईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि भांडी उचलली.

आणि मग एके सकाळी त्या दुकानात आल्या. सहसा यायच्या नाहीत. दारात उभ्या राहून त्यांनी छताकडे बोट केलं.

"अहो, माझी सायकल काढा."

सर्वांत मागच्या हुकाला ताईंची सायकल होती. लग्नाआधी, पहिल्या पगारातून घेतलेली, निळी, माउंटन. होती म्हणजे, तिचा निळा सांगाडा होता. बाकीची हळूहळू गेली होती. गिऱ्हाईक दारात उभं, नेमका भाग नाही, अशा वेळी मास्तर स्टुलावर चढून तो निळीचा काढायचे. उसना. आधी पेडलं गेली, मग सीट, मग चाकं. आता सांगाड्याला एक घंटी तेवढी शिल्लक होती, तीही कुणाला नको असल्यामुळे.

ताईंनी खालून नीट निरखून पाहिलं.

"बाकीची कुठे आहे?"

"आहे," मास्तर म्हणाले. "गावात आहे."

याचं ताईंना आश्चर्य वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "धाकट्या बहिणीने सायकल घेतलीय. आम्ही दोघी पुढच्या रविवारी कालव्याच्या काठाने दारांपर्यंत जाणार. धरणाचं पाणी कालव्यात सोडतात, तिथपर्यंत. लहानपणी एका सायकलवर दोघी जायचो. आता दोघींच्या दोन."

"शिंगं लावून देतो. लांबचा रस्ता आहे, शिंगंच बरी."

"लावा."

"पुढच्या रविवारपर्यंत देतो."

"पुढचा रविवार जाण्याचा आहे. द्यायचा नाही. मला आधी सवय नको का?" आणि जाता जाता त्या म्हणाल्या, "नाही जमलं तर सांगा हं. धाकटी म्हणते, तिने घेतली त्या शोरूममध्ये तसलीच अजून एक आहे."

शोरूम मोठ्या रस्त्याला होती, काचेची, आणि तिच्यातल्या सायकलींवर माणसं राजासारखी ताठ बसायची. शिंगमास्तरांची बायको शोरूमच्या सायकलवरून गल्लीतून जाते आहे, किल्लीवाला बघतो आहे, गवंडी बघतो आहे, वरून एडका बघतो आहे. हे दृश्य मास्तरांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि जाईना.

ते कामाला लागले. दुसऱ्या दिवसापासून दुकानातली बाकीची कामं बाजूला पडली. निळा सांगाडा घासूनपुसून घेतला. चाकं नवी बांधली, एकेक स्पोक छेडून, कान लावून, सूर जुळेपर्यंत. शिंगांमधली सर्वांत देखणी जोडी भिंतीवरून उतरवली. ताई एकदा डबा घेऊन आल्या तेव्हा जमिनीत रोवलेल्या त्या सांगाड्याकडे बघून म्हणाल्या, "मी बसू का यावर?"

"कशाला?"

"माप घ्यायला."

मास्तर हसले. "अगं, तुझं माप मला पाठ आहे."

"बरं," ताई म्हणाल्या. डबा ठेवला. मग म्हणाल्या, "हँडलला टेप कुठली गुंडाळणार?"

"काळी."

"पांढरी लावा."

"पांढरी दोन दिवसांत मळते."

"मळू दे. वापरली हे दिसेल तरी."

पांढरी लावली. पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध येऊन थांबला, आणि मास्तरांनी सायकल रस्त्यावर उभी केली. खरोखर सांगायचं तर त्या दुकानातून त्याहून सुंदर सायकल बाहेर पडली नव्हती. निळा सांगाडा, पांढरी शिंगं, चकचकीत चाकं, आणि जुनी घंटी. किल्लीवाला काम सोडून बाहेर आला. गवंड्याने एक डोळा मिटून समोरून पाहिलं आणि मान हलवली. पाणसळीचा विषयसुद्धा काढला नाही.

ताई बसल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. उतरल्या.

"कशी आहे?" मास्तर.

"चांगली आहे," ताई म्हणाल्या.

आता 'चांगली आहे' हा शब्दप्रयोग ताईंच्या तोंडी कधी येतो, हे मास्तरांना माहीत असायला हवं होतं. नणंदेने दिलेली फुलदाणी चांगली होती. ती कपाटात होती. मास्तरांनी एका वाढदिवसाला आणलेली साडी चांगली होती; तीही कपाटात होती. जी वस्तू ताईंना खरोखर आवडते तिच्यात त्या लगेच चूक काढतात, कारण तिच्याशी त्यांना पुढे संसार करायचा असतो. पण मास्तर त्या दिवशी टाळ्यांच्या नादात होते. त्यांनी मनातल्या मनात पडद्यापुढे येऊन वाकून नमस्कारही केला होता.

ताई रोज सकाळी थोडा वेळ सायकल घेऊन बाहेर जायच्या. परत आल्यावर खांद्याला हात लावून बसायच्या. मास्तर तेव्हा दुकानात असायचे.

रविवार दोन दिवसांवर आला. सकाळी धाकटी आली, ताईंची बहीण, आपल्या सायकलवरून. आणि दुसऱ्या हाताने आणखी एक सायकल ओढत. शोरूमची, लाल, उंच हँडलाची. धाकटीला कुठल्याही घरात शिरताना एन्ट्री घ्यावी लागते, तशी तिने गल्लीतूनच आवाज दिला.

"भाऊजी! रागावू नका हं!"

"अजून तरी काही झालं नाही," मास्तर म्हणाले.

"होतंय आता. ताईला जरा ही चालवून बघू दे. दोन दिवस ठेवायला दिलीय, नको असली तर परत घेतात. तुमच्याकडे घेतात का परत?"

"माझ्याकडे परत कुणी आणतच नाही."

"भीतीने," धाकटी म्हणाली.

ताई बाहेर आल्या. लाल सायकलवर बसल्या. हँडल त्यांच्या पुढ्यात, ताटासारखं. कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मास्तर ज्या गोष्टीकडे आयुष्यभर बघत आले होते ती त्यांनी पाहिली : ताईंचे खांदे खाली आलेले होते.

"ब्रेक जरा कडक आहेत," ताई म्हणाल्या. "आणि सीट टोचते."

चूक काढली होती. एक सोडून दोन.

"मग ठेवू ना ही?" धाकटी म्हणाली. "ताई, ऐक माझं. भाऊजींची कपाटात ठेव."

"एवढी मोठी कुठे मावणार?" ताई म्हणाल्या. "चल, चहा टाकते. अहो, बघून घ्या जरा त्या ब्रेककडे." आणि दोघी दुकानामागच्या घरात गेल्या.

मास्तरांनी लाल सायकलचे ब्रेक सैल केले. ते मन लावून केले, कारण काम म्हणजे काम. सायकल वाईट नव्हती. मग ती निळीच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवली आणि दोन्ही सायकलींच्या समोर स्टूल घेऊन बसले. ऊन तिरपं येत होतं, सरळ निळीच्या शिंगांवर.

टेप मळली होती.

डाव्या शिंगावर मळ जिथे असायला हवा तिथे होता, पुढे, लिव्हरच्या रबरी टोपीभोवती. बोटांचे ठसे, अंगठ्याची जागा, सगळं पुस्तकात दाखवतात तसं. उजवं शिंग मात्र पुढून कोरं. टोपीला कुणी हात लावलाच नव्हता. सगळा मळ मागे, पार मानेजवळ, जिथे हँडल नुसतं आडवं असतं आणि धरायला काहीच नसतं, तिथे. एवढासा काळा डाग, मूठ आवळून धरल्यासारखा.

मास्तर बराच वेळ त्या डागाकडे बघत बसले. त्या हाताने आठवडाभर मानेजवळचा तुकडा धरला होता, आणि ब्रेक सगळे डाव्याने लावले होते. त्यांनी उठून आपला स्वतःचा उजवा हात त्या डागावर ठेवून पाहिला. मग ते आत गेले. धाकटी दुसरा कप भरून घेत होती.

"जरा दुकानात ये," ते ताईंना म्हणाले.

"चहा?"

"चहा घेऊनच ये. नाही, नको. हात मोकळे हवेत."

दुकानात आल्यावर त्यांनी जमिनीतल्या सांगाड्याकडे बोट केलं. ताईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता चढून बसल्या. दोन्ही हात हँडलावर ठेवले. ताठ, परके, नटाचे हात. मास्तरांनी कानावरचा खडू काढला आणि गिऱ्हाइकांशी बोलतात त्या आवाजात सुरुवात केली.

"तुमचे यजमान काय करतात, ताई?"

ताईंच्या तोंडावरची रेषा हलली नाही. खिडकीमागे बसून कमावलेला चेहरा होता तो.

"सायकली दुरुस्त करतात."

"स्वभाव कसा आहे?"

"ऐकून घेणारा. गिऱ्हाइकांचं."

आतून धाकटीला ठसका लागल्याचा आवाज आला.

"घरी?" मास्तरांनी विचारलं.

"घरी कान दमलेले असतात. दिवसभर दुसऱ्यांच्या मेहुण्या ऐकायच्या म्हणजे सोपं नाही. मला त्यांचं वाईट वाटतं. मी मध्ये एकदा सांगत होते, खांदा धरलाय म्हणून. उजवा. एवढी वर्षं त्या भोकातून हात काढायचा आणि घ्यायचा, काढायचा आणि घ्यायचा. हिवाळ्यात धरला तो धरलाच. 'हं' म्हणाले."

"ते तेव्हा काय करत होते?"

"स्पोक वाजवत होते. सूर लागला होता बहुतेक, मान डोलावली. मला वाटलं मला डोलावली." ताईंची डावी मूठ सैल झाली. "मग पुन्हा एकदा सांगितलं. तेव्हा कॅशियरच्या मेहुणीचं सांगायला लागले. ती सोफ्यावर बसली होती म्हणे."

"हो," मास्तर म्हणाले. "बसली होती."

"डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, हळूहळू हलवत राहा. सायकल चालवा म्हणाले, पण ओढ बसू देऊ नका. केस विंचरायला हात वर जाईना. वेणी तर लांबच. धाकटीला रोज कुठे बोलवू? म्हणून एक दिवस कापून आले. रडून घेतलं डेपोच्या बाकावर बसून, मग घरी आले. जेवायला वाढलं. यजमानांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील."

मास्तर खडू बोटांत फिरवू लागले.

"म्हणाले, छान दिसतात."

गल्लीतून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. किल्लीवाल्याचं यंत्र जरा वेळ किर्र वाजलं आणि थांबलं.

"दिसतातच," ताई म्हणाल्या. "ते खोटं बोलत नाहीत. तेवढं आहे."

त्यांचे हात आता त्यांच्याकडे नव्हते. डावा पुढे जाऊन टोपीच्या जागी निवांत पडला होता. उजवा मागे आला होता, पण पार मानेपर्यंत नाही. वळणाच्या सुरुवातीला, जरा वरच्या अंगाला येऊन थांबला होता, दमलेलं माणूस पायरीवर बसतं तसा. मास्तर वाकले. डाव्यापाशी रेघ ओढली. उजव्यापाशी ओढली.

हँडल आणखी जवळ घेतलं, वर उचललं, पुन्हा रेघा ओढल्या. मान आता अगदी आखूड हवी होती. तरीही दोन रेघा एका पातळीत येईनात. उजवी वरच. त्यांनी सवयीने पाणसळ उचलली आणि दोन रेघांवर आडवी धरली. बुडबुडा पळत जाऊन एका टोकाला बसला.

ताई बघत होत्या. "लिव्हर वरखाली दिसतील का?"

"दिसतील."

"मला चालेल," त्या म्हणाल्या. "तुमचं बघा. समोरून सगळी गल्ली बघते."

मास्तरांनी पाणसळ काखेत मारली आणि बाहेर पडले. गवंडी कोठाराच्या दारात सिमेंटची पोती लावत होता. मास्तरांनी पट्टी त्याच्यापुढे धरली.

गवंड्याने ती घेतली नाही. "मोडली?"

"नाही."

"मग परत कशाला देताय?"

"तुझ्या भिंती वाकड्या होतायत म्हणालास."

"ते मी असंच म्हणतो हो," गवंडी घाबरून म्हणाला. "मी दुसरी घेतली कधीच."

"ही पण ठेव," मास्तर म्हणाले आणि परत आले.

मग काम झालं. लांब मान उतरली, बोटभर लांबीची उंच मान चढली. टेप सोडवली. डावा लिव्हर होता तिथे ठेवला, उजवा शिंगाच्या वळणावरून वर सरकवला, खडूच्या रेघेपर्यंत. ब्रेकची वायर नव्याने कापली. गिअरची कांडी उजवीकडून काढून डावीकडे दिली, म्हणजे उजव्या हाताला फक्त बसून राहायचं काम उरलं. धाकटी दारात कप घेऊन उभी होती. बघता बघता तिची बोलती बंद झाली होती, आणि हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

टेप कुठली, हे मास्तरांनी विचारलं नाही. पांढरी, नवी.

शेवटचा बोल्ट आवळताना त्यांनी एकदा समोरून पाहिलं आणि लगेच नजर वळवली. एक शिंग खाली, एक वर. एका कानावर टोपी ठेवून आलेल्या विनोदी नटासारखं दिसत होतं ते. त्यांच्या हातून आजवर असं काही घडलं नव्हतं.

रविवारी सकाळी धाकटी आली. आज एकाच सायकलवर. ताई निळीवर बसल्या, कोपऱ्यापर्यंत गेल्या, वळल्या, आणि परत येऊन मास्तरांसमोर थांबल्या. उजवा हात टोपीवर होता. पडला होता नुसता, विसरलेला.

"कशी आहे?" असं विचारायचं मास्तरांनी टाळलं.

"घंटी उजवीकडे का ठेवलीत?" ताई म्हणाल्या. "डावीकडे हवी. आणि ही सीट कुठली? हिच्यापेक्षा लाल सायकलची बरी होती. आणि पेडल जरा वाजतंय."

"संध्याकाळी बघतो," मास्तर म्हणाले. त्यांना एकदम फार बरं वाटलं. ते त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"भाऊजी," धाकटी समोरून बघत म्हणाली, "उजवा ब्रेक वर गेलाय."

"माप आहे ते."

दोघी निघाल्या. धाकटी बोलत पुढे, ताई मागे, घंटी उगाच वाजवत. किल्लीवाला बाहेर आला आणि सायकल वळेपर्यंत बघत राहिला. त्याने तोंड उघडलं, मग मास्तरांचा चेहरा पाहिला, मग पाटीवरच्या एडक्याचा, आणि आत गेला.

संध्याकाळी ताई परतल्या तेव्हा मास्तर दारात एक चाक बांधत बसले होते. चपलांना धूळ, कापलेले केस वाऱ्याने वेडेवाकडे. सायकल भिंतीला लावत त्या म्हणाल्या, "अहो, ती कालव्याची दारं आठवतात का? काही उरलं नाही तिथलं. नवीन बांधलीयत, आणि एक पहारेकरी बसलाय, तो धाकटीला म्हणतो कसा..."

मास्तरांच्या हातातलं चाक फिरत होतं, स्पोक गुणगुणत होते, सूर अगदी लागतच आला होता. त्यांनी तळहात लावून चाक थांबवलं.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं, आणि खडू कानावरच राहू दिला.